घरकुल, किल्ला आणि पडद्यावरचे घर : खेळातील गृहसजावटीचा इतिहास

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात, एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. तिचे नावही या दोन रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासूनच बनलेले आहे. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेले सात सेक्टर, एकमेकांना काटकोनात छेदणारे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’, कडेला आगरा तलाव, आणि कोपऱ्यावर वाहनांच्या कोंडीसाठी कुप्रसिद्ध असलेला सिल्क बोर्डाचा चौक, असे तिचे बाह्य रूप आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या व्यवसायामुळे गेल्या दोन-तीन दशकांत येथे देशभरातून माणसे आली. त्यांत पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथील मराठी कुटुंबेही आहेत. यांतील पुष्कळजण भाड्याने राहतात. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली असल्यामुळे अकरा महिन्यांचा करार ही आपल्याकडील शहरांची रूढ पद्धत होऊन बसली आहे. बंगळुरात तिला आणखी दोन रिवाज चिकटले. पहिला, अनेक महिन्यांच्या, कित्येकदा दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम घेण्याचा. आणि दुसरा, घर सोडताना रंगकामापोटी त्या रकमेतून बहुधा एका महिन्याचे भाडे कापून घेण्याचा. अनेक करारांत भिंतीला खिळा ठोकू नये अशी स्वतंत्र अट असते. आजीचा फोटो, मुलाने काढलेले चित्र, लग्नात मिळालेले घड्याळ या वस्तू मग भिंतीच्या कडेला जमिनीवर टेकून उभ्या राहतात, किंवा खोक्यातून बाहेरच येत नाहीत.

अशा घरांतच एक दुसरे घर असते. ते संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर असते आणि ते ज्याचे असते तो एखाद्या अद्भुतरम्य राज्यातील योद्धा, जादूगार किंवा चोर असतो. राक्षस मारणे, भुयारे धुंडाळणे, राज्य वाचवणे हे त्या खेळाचे अधिकृत प्रयोजन होय; परंतु खेळणारा संध्याकाळच्या संध्याकाळ आपल्या त्या घरात फडताळावर पुस्तके लावण्यात, मेजावर पाव आणि सुरई ठेवण्यात, भिंतीवर तलवारी टांगण्यात घालवतो. या वसाहतीतील काही मराठी मंडळींनी आपापली अशी घरे मला हिंडवून दाखवली. आपल्या राहत्या जागेविषयी त्यांना सांगण्यासारखे फारसे नव्हते. पडद्यावरच्या घरातील प्रत्येक वस्तू कोठून आणली हे मात्र त्यांना तोंडपाठ होते. ज्या घरात राहता येत नाही, ज्यातील पाव खाता येत नाही, त्याच्या सजावटीसाठी माणसे इतका वेळ का वेचतात, आणि खेळांच्या इतिहासात ही सोय नेमकी केव्हा व कशासाठी आली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या खेळांचा विचार आपल्याकडे झालाच तर तो कथानकाच्या अंगाने होतो. साहित्याच्या अभ्यासकाला ते सोयीचे असते, कारण नायक, प्रवास, शत्रू ही परिभाषा त्याच्या हाताशी तयार असते. वस्तूंकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. मराठी भाषेने मात्र या बाबतीत एक धागा आपल्यासाठी जपून ठेवला आहे. ‘मांडणे’ हे क्रियापद आपण डावासाठीही वापरतो आणि संसारासाठीही. आणि त्यापासून झालेले ‘मांडणी’ हे नाम क्रियेचेही आहे आणि स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळीचेही. खेळ मांडणे आणि घर मांडणे या दोन गोष्टी मराठी मनाला मुळात वेगळ्या वाटत नसाव्यात, असे यावरून म्हणण्यास हरकत नाही. ‘घरकुल’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. इवलेसे, वाळूत किंवा अंगणात रचलेले खेळातले घरही या शब्दाने सुचवले जाते. आणि शासनाने गरिबांसाठी बांधावयाच्या पक्क्या घरांच्या योजनांनाही हाच शब्द लावला आहे.

मराठी घरातील खेळाच्या मांडणीचे पहिले रूप अर्थात भातुकलीचे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाची रंगीत खेळणी होत, पुण्याच्या तांबट आळीत तांब्यापितळेची चिमुकली भांडी घडत; जाते, उखळ, चूल, बंब, पोळपाट असा सगळा सरंजाम त्यात असे. भातुकलीचा स्वयंपाक, बाहुलीचे लग्न, वऱ्हाडाची पंगत यांची वर्णने आठवणींच्या लेखनात इतकी आहेत की येथे त्यांचा विस्तार करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे भातुकली संध्याकाळी आवरावी लागते. सगळा संसार टोपलीत भरून कोनाड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मांडायचा, हा त्या खेळाचा नियमच होता. चैत्रगौरीची आरास हे याच वृत्तीचे प्रौढ रूप होय. पायऱ्या रचायच्या, त्यांवर घरातील चांगल्या वस्तू, खेळणी, फळे मांडायची, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ती पाहायची, डाळ-पन्हे घ्यायचे, आणि मग सारे जिथल्या तिथे. ‘आरास’ या शब्दातच तिचे तात्पुरतेपण आहे. कायमच्या सजावटीला आपण आरास म्हणत नाही.

दिवाळीतल्या किल्ल्याचा मात्र थोडा विस्ताराने विचार करावयास हवा, कारण अद्भुतरम्य खेळातील घराचा तो सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, त्यात हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि उतारावर मातीचे मावळे. येथवर किल्ला इतिहासाशी इमान राखून असतो. त्यानंतर मुलांचा खरा खेळ सुरू होतो. पायथ्याशी गवळण येते, वाणी दुकान थाटतो, बुरुजाएवढा वाघ गुहेच्या तोंडाशी बसतो, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, कोठे आगगाडी तर कोठे विमानतळ अवतरतो. प्रमाण, काळ, संभाव्यता यांपैकी कशाचीही येथे चाड नसते, आणि तरीही प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जागा असते. धाकट्या भावाने मावळा हलवला तर भांडण होते. माझ्या मते किल्ल्याचे सारे मर्म या भांडणात आहे. वस्तू काय आहे यापेक्षा ती आपण जिथे ठेवली तिथे राहिली पाहिजे, हा आग्रह तिथे प्रथम प्रकट होतो. तो आग्रहही आठ-पंधरा दिवसांपुरताच असतो. तुळशीच्या लग्नापर्यंत हळीव पिवळे पडते, मावळे पिशवीत जातात आणि माती कुंड्यांत परतते. एचएसआर लेआउटमधल्या बाल्कन्यांतही दिवाळीत असे किल्ले दिसतात. जागा दोन फरश्यांची असते आणि घरमालकाची फरशी डागाळू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो.

कर्नाटकात या परंपरेला समांतर अशी गोंबे हब्बाची चाल आहे. नवरात्रात विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि सर्वांत वरच्या पायरीवर ‘पट्टद गोंबे’ म्हणजे राजाराणीची लाकडी जोडी बसते. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणच्या लाखेने रंगवलेल्या खेळण्यांनाही या पायऱ्यांवर हक्काची जागा असते. किल्ल्याप्रमाणेच येथेही खालच्या पायऱ्यांवर गावगाडा, लग्नाची वरात, क्रिकेटचा सामना असे काहीही येऊ शकते, आणि दसऱ्यानंतर हे सारे जुन्या साड्यांत गुंडाळून पेटीत ठेवले जाते.

युरोपातील बाहुलीघराचा रोख याच्या नेमका उलट आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आम्स्टरडॅममधील पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत स्त्रीने करवून घेतलेले बाहुलीघर आज तेथील राईक्स संग्रहालयात आहे. चिनी मातीची खरी भांडी, खरा संगमरवर, खऱ्या वेताच्या टोपल्या यांनी भरलेल्या त्या कपाटाला कालव्याकाठच्या एखाद्या खऱ्या घराइतका खर्च आला होता. ते मुलांसाठी नव्हतेच. १९२१ ते १९२४ या काळात एडविन ल्यूट्येन्स या वास्तुविशारदाने इंग्लंडच्या राणी मेरीसाठी रचलेले बाहुलीघरही तसेच. नव्या दिल्लीची आखणी चालू असतानाच हा गृहस्थ बाराव्या हिश्शाच्या प्रमाणातले जिने आणि नळ बसवीत होता. ही घरे आवरण्यासाठी नव्हती. टिकण्यासाठी आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी होती. पडद्यावरच्या घरात हे दोन्ही प्रवाह येऊन मिळाले आहेत, परंतु ते तेथे सरळ मार्गाने आलेले नाहीत.

अद्भुतरम्य भूमिका-खेळांचा छापील प्रारंभ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने झाला. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर चालणाऱ्या या खेळाच्या पहिल्याच आवृत्तीत घराची तरतूद आहे, आणि आपल्याला गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे ते घर किल्लाच आहे. नवव्या पातळीला पोहोचलेल्या योद्ध्याने भुयारांतून मिळवलेल्या सोन्यातून गढी बांधावी, यासाठी बुरुज, तट, दरवाजे, खंदक यांच्या किमती तेथे दिलेल्या आहेत. आतील सजावटीला मात्र त्यात स्थान नाही. घर हा येथे पराक्रमाचा शेवट आहे, राहण्याची जागा नव्हे.

संगणकावर हे खेळ आले तेव्हा प्रथम केवळ शब्दांत आले. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी सुरू केलेल्या अनेकखेळाडू ‘मड’पासून निघालेल्या परंपरेत १९८९ मध्ये जेम्स आस्पनेस यांचा ‘टायनीमड’ आला आणि खेळणाऱ्यांना स्वतःच्या खोल्या बांधण्याची मुभा मिळाली. बांधणे म्हणजे लिहिणे. खोलीत काय आहे याचे वर्णन टंकित केले की ती वस्तू तेथे झाली. १९९० साली पॅव्हेल कर्टिस यांनी उभारलेल्या ‘लॅम्बडामू’ या जगाची मध्यवर्ती वास्तू म्हणजे त्यांच्या कॅलिफोर्नियातील स्वतःच्या घराचे वर्णन होते. साहित्याच्या माणसाला हा टप्पा विशेष लोभस वाटावा, कारण येथे गृहसजावट ही सर्वस्वी गद्यलेखनाची कला होती. चित्रांचा काळ येताच ती मागे पडली. चित्रमय घरही तोवर जन्मले होते. लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’मध्ये १९८६ च्या सुमारासच प्रत्येक सदस्याला स्वतःची सजवता येणारी खोली मिळत असे.

१९९७ च्या सप्टेंबरात ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. हजारो माणसे एकाच काल्पनिक भूमीवर एकाच वेळी राहू लागल्यावर पहिली टंचाई पडली ती जमिनीची. थोड्याच काळात घर बांधण्याजोगी जागा संपली, आणि तेथील घरे व किल्ले खऱ्या डॉलरांना विकले जाऊ लागले. बंगळूरच्या किंवा पुण्याच्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटावे ते दुसऱ्या गोष्टीचे. त्या जगात जमिनीवर टाकलेली वस्तू काही वेळाने आपोआप नाहीशी होई. संगणकावरील भार मर्यादित ठेवण्यासाठी ते आवश्यकच होते. घराच्या आत मात्र वस्तू ‘जखडून’ ठेवण्याची सोय पुढे देण्यात आली, आणि जखडलेली वस्तू टिकत असे. सजावटीची कला बहरली ती या एका सवलतीमुळे. निर्मात्यांनी पियानो दिलेला नसताना खेळपट, कपडे, लाकडी खोकी यांसारख्या असंबद्ध वस्तू एकमेकींवर रचून लोकांनी पियानो केले, मत्स्यालये केली. दिवाळीच्या किल्ल्यावर आरशाचे तळे करणाऱ्या मुलाची ही जात आहे. या घरांना एक अट मात्र होती. धन्याने अधूनमधून तेथे येऊन गेले पाहिजे. फार दिवस कोणी फिरकले नाही तर घर जीर्ण होत होत कोसळे, त्याच्या पाटीवर तशी सूचना दिसे, आणि ती वाचून आतील चीजवस्तू लुटण्यासाठी माणसे आधीच बाहेर वाट पाहत थांबलेली असत.

येथवर आल्यावर माझे मुख्य प्रतिपादन मांडता येईल. या खेळांत घर म्हणजे चार भिंती नव्हेत, वैभवाचे प्रदर्शनही नव्हे. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहील अशी हमी ज्या जागेला आहे ती जागा म्हणजे घर. भोवतालचे जग विसरते; घर विसरत नाही. सजावट ही या हमीची परीक्षा घेण्याची, तिचा उपभोग घेण्याची रीत होय.

बेथेस्डा या अमेरिकन कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेवरून हे फार स्पष्ट दिसते. २००२ साली आलेल्या ‘मोरोविंड’मध्ये खेळणाऱ्याला घर विकत घेण्याची सोय सुरुवातीला नव्हती. पण त्या जगाची स्मृती अमर्याद होती. कोठेही ठेवलेला कटोरा, कोठेही टाकलेले पुस्तक महिन्यांनी परत आले तरी तिथेच सापडे. त्यामुळे खेळणाऱ्यांनी आपली घरे आपणच शोधली. बालमोरा या गावात रालेन ह्लालो नावाच्या सरदाराचा खून होऊन त्याची हवेली बेवारस पडलेली असते. कित्येकांनी तीच आपलीशी केली आणि खुनाच्या जागी आपला संसार थाटला. निर्मात्यांनी घर दिले नसता लोकांनी ते घेतले, हा या इतिहासातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हिअन’मध्ये स्थिती पालटली. जग अधिक देखणे झाले आणि विसराळूही. सामान्य जागा खेळातील तीन दिवसांनी पूर्ववत होऊ लागल्या आणि तेथे ठेवलेल्या वस्तूंचा भरवसा राहिला नाही. त्याच खेळात प्रत्येक मोठ्या नगरात विक्रीला घर आले. राजधानीच्या बंदरावरील झोपडी दोन हजार सुवर्णमुद्रांना, स्किनग्राडची हवेली पंचवीस हजारांना, आणि सजावट खोलीगणिक वेगळी विकत घ्यायची. जग स्मरणशील होते तोवर घर फुकट होते. जग विसरू लागले तेव्हा स्मृती विकत घ्यावी लागली. निर्मात्यांनी हे हेतुतः केले असे मला सुचवायचे नाही. तांत्रिक काटकसरीचा तो परिणाम असावा. परंतु परिणाम तो झाला. वस्तूंना वजन आणि गती आल्यामुळे याच खेळात आणखी एक आपत्ती ओढवली: फळीवर नीट लावलेली भांडी नुसत्या धक्क्याने सांडत, आणि तासाभराची मांडणी क्षणात भुईवर येई.

२०११ च्या ‘स्कायरिम’ने या दोन्ही गोष्टींवर तोडगा काढला. पुस्तके आपोआप उभी राहणारी कपाटे, शस्त्रे टांगण्याच्या खुंट्या, चिलखते चढवण्याचे पुतळे असे बंदोबस्ताचे सामान घरात आले. (त्या पुतळ्यांनी प्रारंभी फार घाबरवले, अंतर्यामी ते इतर पात्रांसारखेच रचलेले असल्यामुळे रात्री परतलेल्या धन्याला ते जागा बदलून उभे असलेले दिसत.) पण या खेळातील घराचे खरे वैशिष्ट्य ते मिळण्याच्या पद्धतीत आहे. नुसते पैसे असून भागत नाही. त्या प्रांताच्या अधिपतीची, ‘यार्ल’ची, सेवा करावी लागते, त्याची मर्जी संपादावी लागते; मग त्याचा कारभारी व्हाइटरन नगरातील घर पाच हजार मुद्रांना देतो आणि पलंग, स्वयंपाकघर, माळा यांचे सामानही तोच विकतो. सेवेबद्दल मिळणारा ‘थेन’ हा किताब प्राचीन इंग्लंडमधील राजसेवेतील जमीनधारकांचा आहे. मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरजच नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले ते याच न्यायाने, म्हणजे आदिलशाहीच्या सेवेबद्दल. सेवेने मिळालेली भूमी किती टिकते याचेही उत्तर या शहराच्या इतिहासात आहे. १६८७ मध्ये ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले. एचएसआर लेआउटमधील भाडेकरू खेळात शिरला की तो भाडेकरू राहत नाही, इनामदार होतो. अनामत नाही, अकरावा महिना नाही, आणि कारभारी रंगकामाचे पैसे कापून घेत नाही.

त्याच खेळाला २०१२ च्या सप्टेंबरात ‘हार्थफायर’ हा विस्तार जोडला गेला. यात तयार घराऐवजी मोकळा भूखंड मिळतो आणि घर पायापासून बांधावे लागते. खाणीतून दगड आणि चिकणमाती खणायची, चिरलेले ओंडके आणायचे, लोखंडाची कांब वितळवून खिळे पाडायचे. एका कांबेतून दहा खिळे निघतात आणि लागतात शेकड्यांनी. ज्याला प्रत्यक्षात एक खिळा ठोकण्याची परवानगी नाही असा माणूस रात्री दीड वाजेपर्यंत खिळे पाडीत बसतो, हे दृश्य हास्यास्पद ठरवणे सोपे आहे. मी तसे ठरवणार नाही. द सिम्स या प्रसिद्ध गृहखेळाचा कर्ता विल राइट याचे स्वतःचे घर १९९१ साली ओकलंडच्या वणव्यात जळाले होते, आणि संसारातील एकेक वस्तू नव्याने जमवताना आलेल्या अनुभवाचा त्या खेळाच्या कल्पनेत वाटा होता. खेळातील घराची ओढ रिकामटेकडेपणातून येते, हे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. हार्थफायरवर आक्षेप घ्यावयाचा तर वेगळा घ्यावा: तेथे कोणती वस्तू करावी हे आपण ठरवतो, ती कोठे ठेवावी हे ठरवीत नाही. मेज केले की ते निर्मात्याने नेमलेल्या जागी उभे राहते. श्रम आपले आणि मांडणी परक्याची, ही गोष्ट पुष्कळांना खटकली. २०१७ च्या फेब्रुवारीत याच मालिकेच्या ऑनलाइन खेळात घरे आली तेव्हा वस्तू हवी तेथे, हव्या त्या कोनात ठेवता येऊ लागली. मात्र त्यातील काही घरे आणि सामान खऱ्या पैशांनीच मिळते, आणि ते घर आपल्या संगणकावर नसून कंपनीच्या यंत्रावर असते. अशा घरांचे भवितव्य काय असू शकते ते ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’च्या रहिवाशांनी पाहिले आहे. २००३ साली सुरू झालेले आणि नामांकित सजावटकारांनी गाजलेले ते जग १५ डिसेंबर २०११ रोजी बंद करण्यात आले आणि त्यातील सर्व घरे एकदम गेली. भातुकली आवरणारा हात निदान आपला असतो.

हार्थफायरमध्ये घराखाली तळघर खोदता येते आणि त्यात खेळातील देवतांची छोटी स्थाने उभारता येतात. प्रत्येक देवतेचे पदक मिळवून ते त्या स्थानासाठी खर्चावे लागते. त्या राज्यात टॅलोस या देवाच्या पूजेला तहाने बंदी आहे, त्यामुळे त्याचे स्थान तळघरात असण्याला कथेच्या दृष्टीने अर्थ आहे. मला ज्या मराठी मंडळींनी आपली घरे दाखवली त्यांपैकी दोघांनी तळघराला सहजपणे ‘देवघर’ म्हटले. यादीत नसलेल्या वस्तूंची जागा असलेल्या वस्तूंनी भरून काढण्याची ही हातोटी लक्षणीय आहे. यादी उत्तर युरोपची आहे. शेगडी आहे, पण ती भिंतीतली. सांबरशिंगे आहेत, अस्वलाचे कातडे आहे. झोपाळा नाही, पाट नाही, पाण्याचा माठ नाही. किल्ल्यावर हेलिकॉप्टर ठेवणाऱ्या मुलाला कोणी यादी दिलेली नसते.

यादीबाहेर जाण्याचा एक मार्ग मात्र या मालिकेने प्रथमपासून मोकळा ठेवला आहे. मोरोविंडच्या संगणक-आवृत्तीबरोबर तिचा रचनासंचही देण्यात आला होता, आणि स्कायरिमचा तसा संच २०१२ च्या फेब्रुवारीत उपलब्ध झाला. त्याच्या साहाय्याने जगभरच्या हौशी लोकांनी स्वतःची घरे रचली. एचएसआर लेआउटमधील एक तरुण सध्या या संचावर चौसोपी वाडा उभारतो आहे. खांब, तुळया, कोनाडे त्याने स्वतः घडवले आहेत. त्याला अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी. या खेळांत घराचे ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे सहसा दोन वेगळे प्रदेश असतात. दार उघडले की एक प्रदेश संपतो, क्षणभर थांबावे लागते आणि दुसरा सुरू होतो. आतल्या प्रदेशाला बहुधा आभाळ नसते. ओसरी, पडवी, चौक या जागा मात्र ना धड आत ना धड बाहेर, आणि चौकात पाऊस पडला नाही तर वाड्याला अर्थ नाही. पाऊस हवा तर सबंध वाडा बाहेरच्या प्रदेशात बांधावा लागतो, आणि बाहेरचा प्रदेश, विशेष तजवीज केली नाही तर, ठेवलेल्या वस्तू काही दिवसांनी विसरतो. त्याने सध्या पाऊस ठेवला आहे. तांब्याचा घंगाळ, पाट आणि पितळी दिवा माजघरात, दारापलीकडच्या वेगळ्या प्रदेशात, सुरक्षित आहेत. चौक रिकामा आहे.